सही कोणाची?

२००१च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयात एक याचिका दाखल झाली. दोन प्रौढ माणसं राजीखुशीने, चार भिंतींच्या आत एकत्र येत असतील तर त्यांना भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ लावू नये, एवढीच तिची मागणी होती. याचिका म्हटली की खाली सही लागते. खरं तर ती सही करायची त्यांनीच, ज्यांचं आयुष्य या कलमाने पोखरलं होतं. पण तशी सही करणं म्हणजे न्यायालयात स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून देणं, की मी गुन्हा करतो आणि रोज करतो. शिक्षा दहा वर्षांपर्यंतची, नाहीतर जन्मठेप. शिक्षा फारच पुढची गोष्ट झाली. त्याच्या कितीतरी आधी घरमालक होता, ऑफिसातला साहेब होता, गावाकडचे वडील होते.

म्हणून सही झाली ती नाझ फाउंडेशन या संस्थेची. अंजली गोपालन यांनी १९९४मध्ये दिल्लीत सुरू केलेली ही संस्था एचआयव्हीग्रस्तांसाठी काम करत होती. लॉयर्स कलेक्टिव्हच्या आनंद ग्रोव्हर यांनी वकिली केली.

२ सप्टेंबर २००४ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. कारण असं दिलं की या कलमाची झळ संस्थेला स्वतःला कुठे पोचली आहे? तेव्हा हा सगळा तात्त्विक प्रश्न, आणि त्यात न्यायालय पडणार नाही.

म्हणजे ज्याला झळ पोचते तो समोर येऊ शकत नाही, आणि जो समोर येतो त्याला झळ पोचत नाही म्हणून त्याने घरी जावं! या लढ्याबद्दल वाचायला बसलो तेव्हा मी या एका आदेशापाशी कितीतरी दिवस अडकून होतो. समलिंगी माणसांच्या हक्कांच्या लढ्यात भिन्नलिंगी माणसांचं काय काम, त्यांनी का यावं, आले तर कुठे उभं राहावं, हे सगळे प्रश्न त्या आदेशात गाठ मारून बसलेले आहेत. ती गाठ सोडवायला पुढे चौदा वर्षं लागली. ती कोणाकोणाच्या सह्यांनी सुटली, ते मला सांगायचं आहे.

* * *

त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं. वाचक लैंगिक अडचणी लिहून पाठवायचे आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरं द्यायचे. १९३४मध्ये या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध हे त्यातले मुख्य आक्षेपार्ह विषय. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

१९३४ साल म्हणजे पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. बाबासाहेबांच्या खांद्यावर तेव्हा केवढं ओझं असेल! हा खटला घेऊन त्यांच्या राजकारणाला फायदा व्हायचा नव्हता, झालं तर नुकसानच. तरीही ते उभे राहिले. लोकांना प्रश्न पडत असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळायला हवं, ही त्यांची बाजू होती. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी समलिंगी प्रवृत्तीकडेही विकृती म्हणून पाहायला नकार दिला. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. अतुल पेठे यांनी २०१७मध्ये बसवलेलं, अजित दळवींचं ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हा खटला आठवेल.

कर्वे किंवा आंबेडकर समलिंगी हक्कांची चळवळ चालवत होते असं मला म्हणायचं नाही. तसं म्हटलं तर ते खोटं होईल. पण ज्याच्याशी आपला काडीचा संबंध नाही अशा माणसाची बाजू भर न्यायालयात मांडणारा वकील मराठी मुलखात नव्वद वर्षांपूर्वी होता, हे आपल्या मुलांना शाळेत कोणी सांगत नाही. सांगायला हवं.

* * *

स्वतंत्र भारतात पहिली ठळक सही पडली ती १९९१च्या अखेरीस, दिल्लीत. ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ नावाचा एक छोटा गट होता. कार्यालय नाही, देणगीदार नाहीत. त्यात डॉक्टर होते, वकील होते, एक कॅथलिक ननसुद्धा होत्या. या मंडळींनी ‘लेस दॅन गे’ नावाचा अहवाल छापला. भारतातल्या समलिंगी माणसांच्या स्थितीवरचा हा पहिला नागरी अहवाल. गुलाबी मुखपृष्ठामुळे त्याला पुढे ‘पिंक बुक’ म्हणू लागले. कलम ३७७ रद्द करा, ही मागणी त्यात स्वच्छ लिहिलेली होती. अहवालाच्या कर्त्यांपैकी सिद्धार्थ गौतम हा तरुण वकील काही आठवड्यांतच, १९९२च्या सुरुवातीला, कर्करोगाने गेला.

त्याच वर्षी दिल्लीच्या एका बागेतून पोलिसांनी समलिंगी असल्याच्या संशयावरून काही पुरुषांना उचललं. ११ ऑगस्ट १९९२ला या गटाने पोलीस मुख्यालयासमोर निदर्शनं केली. पकडले गेलेले स्वतः निदर्शनाला येणं शक्यच नव्हतं, त्यांच्या वतीने हे लोक उन्हात उभे राहिले. पुढे १९९४मध्ये तिहार तुरुंगात कैद्यांना निरोध द्यायला अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा याच गटाने उच्च न्यायालयात याचिका केली आणि कलम ३७७ला पहिल्यांदा आव्हान दिलं. ती याचिका वर्षानुवर्षं पडून राहिली आणि शेवटी बारगळली. गटही पांगला होता.

इकडे मुंबईत अशोक राव कवींनी १९९०मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ काढलं आणि १९९४मध्ये हमसफर ट्रस्ट उभा केला. ज्या देशात नावानिशी बोलणारे समलिंगी बोटांवर मोजावे लागत, तिथे कवी वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर उघड बोलत होते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीतून लिहायला घेतलं. ‘पार्टनर’ हे पुस्तक त्यांचंच. हे इथे नोंदवायलाच हवं, कारण सोबतीला आलेल्यांचं कौतुक करण्याच्या भरात कधी कधी असं चित्र उभं राहतं की समलिंगी माणसं लपून बसली होती आणि इतरांनी येऊन त्यांना सोडवलं. तसं घडलेलं नाही.

* * *

सोबत म्हटली की कुरबुरी आल्याच. त्यातली एक मला फार महत्त्वाची वाटते.

डिसेंबर १९९८मध्ये दीपा मेहता यांच्या ‘फायर’वरून मुंबईतल्या चित्रपटगृहांत तोडफोड झाली, पाठोपाठ दिल्लीत रीगलवर हल्ला झाला. एका घरातल्या दोन जावांचं प्रेम हा चित्रपटाचा विषय. शबाना आझमी आणि नंदिता दास यांच्या भूमिका. दिलीपकुमार, जावेद अख्तर, महेश भट अशी मोठी माणसं मेहतांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेली. दिल्लीत महिला संघटना, मानवी हक्क संघटना, विद्यार्थी असे सगळे रीगलसमोर मेणबत्त्या घेऊन जमले. त्या गर्दीत काही मुलींच्या हातात फलक होते. आपण भारतीय आहोत आणि लेस्बियनही आहोत, असं त्यांवर लिहिलेलं होतं.

आणि सोबतीला आलेल्यांपैकीच काहींना ते खटकलं. त्यांचं म्हणणं असं, की मुद्दा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आहे, तो शब्द कशाला मध्ये आणता, लोक बिथरतील. त्यांचा हेतू वाईट नव्हता. लढाई जिंकायची तर जास्तीत जास्त लोकांना पचेल अशी भाषा वापरावी, हा साधा हिशेब. पण त्या मुलींसाठी तो शब्द हाच तर सगळा प्रश्न होता! चित्रपट वाचवायचा आणि ज्यांच्यावर तो आहे त्यांनी मात्र नाव घ्यायचं नाही, ही कसली सोबत? त्या वादातूनच दिल्लीत लेस्बियन हक्कांसाठी वेगळी मोहीम उभी राहिली.

नाझच्या याचिकेवरही अशी टीका झाली. ज्यांच्या जगण्याचा प्रश्न आहे त्यांना पुरेसं विचारलं का? एचआयव्हीचा प्रसार रोखण्यासाठी कायदा बदला, या युक्तिवादात माणसाची प्रतिष्ठा कुठे गेली? त्यात स्त्रिया कुठे आहेत? टीका रास्त होती, आणि सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ती ऐकली गेली. ३ फेब्रुवारी २००६ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा तो ‘तात्त्विक प्रश्ना’चा आदेश रद्द केला आणि प्रकरण नव्याने ऐकायला परत पाठवलं. तेव्हा ‘व्हॉइसेस अगेन्स्ट ३७७’ ही आघाडी न्यायालयात आली. तिच्यात महिला संघटना होत्या, बालहक्कांसाठी काम करणारे होते, समलिंगी गट होते, सगळे एका वकीलपत्राखाली. या आघाडीने आरोग्याच्या आकडेवारीबरोबर माणसांची प्रतिज्ञापत्रं आणली. बंगळूरच्या एका हिजड्यावर गुंडांनी बलात्कार केला, आणि तक्रार घ्यायच्या ऐवजी पोलिसांनीच ठाण्यात तिचा छळ केला, हे तिच्या स्वतःच्या शब्दांत न्यायालयासमोर आलं. झळ कोणाला पोचली, हे आता कोणी विचारू शकत नव्हतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात विक्रम सेठ यांनी पुढाकार घेऊन सरकारला एक जाहीर पत्र लिहिलं. त्यावर शंभराहून जास्त सह्या होत्या. स्वामी अग्निवेश, सोली सोराबजी, आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल अशी त्यातली काही नावं. अमर्त्य सेन यांनी वेगळं निवेदन देऊन पाठिंबा दिला. सुभाषबाबूंच्या झाशी राणी पलटणीचं नेतृत्व केलेली, नव्वदी ओलांडलेली बाई कलम ३७७च्या विरोधात सही करते, हे मला कुठल्याही युक्तिवादापेक्षा मोठं वाटतं.

२ जुलै २००९ला निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्या. एस. मुरलीधर यांनी प्रौढांमधले राजीखुशीचे संबंध कलम ३७७मधून बाहेर काढले. शहा हे मूळचे सोलापूरचे.

* * *

निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. अपील करणाऱ्यांचा सूर असा होता, की हे भारतीय कुटुंबव्यवस्थेवर संकट आहे. तेव्हा कुटुंबच न्यायालयात आलं. देशभरातल्या एकोणीस आईवडिलांनी अर्ज केला, की ही आमची मुलं आहेत, आमचंही ऐका. अर्ज ‘मीना सरन आणि इतर’ या नावाने नोंदला गेला. त्यांच्यासाठी उभे राहिले फली नरिमन.

या मीना सरन कोण? त्यांचा मुलगा निशित हार्वर्डमध्ये शिकला. पदवीदानाला आई अमेरिकेत आली होती. तो चित्रपट शिकत होता, हातात कॅमेरा असायचाच. त्याने स्वतःची एचआयव्ही चाचणी करून घेतली होती आणि अहवाल यायचा होता. आईला अजून काहीच ठाऊक नव्हतं. कॅमेरा सुरू ठेवूनच त्याने आईला सांगितलं, की मी समलिंगी आहे. ‘समर इन माय व्हेन्स’ हा त्याचा १९९९चा माहितीपट. खरोखरीच्या आईचा खरोखरीचा चेहरा त्या क्षणी कसा होतो, ते त्यात आहे. नाटकसिनेमात अशा प्रसंगी आई किंचाळते किंवा कोसळते. या आईने तसलं काही केलं नाही. ऐकलेलं तिच्या मनात उतरतं आहे, हे आपल्याला दिसत राहतं आणि ती मुलाच्या बाजूला राहते.

२००२मध्ये दिल्लीत मोटार अपघातात निशित गेला. म्हणजे मीना सरन यांनी सर्वोच्च न्यायालयातल्या त्या अर्जावर सही केली तेव्हा मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कायदा बदलला असता तरी त्याला त्याचा उपयोग नव्हता. तरी पहिलं नाव त्यांचं आहे.

त्या पालकांत आपल्या चित्रा पालेकरही होत्या. मराठी रंगभूमीवर वाढलेल्या, ‘थोडासा रूमानी हो जाए’ची पटकथा लिहिलेल्या, ‘माती माय’च्या दिग्दर्शिका. त्यांच्या मुलीने, शाल्मलीने, आपण लेस्बियन असल्याचं त्यांना सांगितलं. पुरोगामी वर्तुळात आयुष्य गेलेलं असूनही या विषयातलं आपल्याला काहीच कळत नव्हतं, हे चित्राताईंनी व्याख्यानांतून मोकळेपणाने सांगितलं आहे. त्या वाचू लागल्या, मुलीच्या मित्रमैत्रिणींना भेटू लागल्या, मग इतर पालकांना. मुंबईत ‘स्वीकार’ हा पालकांचा गट उभा राहिला त्यातही त्या होत्या. समुपदेशकाने शंभर वेळा सांगून जे आईबापांच्या मनात उतरत नाही, ते दुसऱ्या एका आईने चहाचा कप पुढे करत सांगितलं की उतरतं. बिंदुमाधव खिऱ्यांनी संपादित केलेलं ‘मनाचिये गुंती’ हे पालकांच्या आणि नातलगांच्या अनुभवांचं पुस्तक ज्या घरात हा विषय नुकताच उघड झाला आहे तिथे द्यावं. मी दोन घरांत दिलं आहे.

हे सगळं मांडूनही ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल उलटवला. दीडशे वर्षांत दोनशेपेक्षा कमी लोकांवर या कलमाखाली खटले चालले आणि समलिंगींचं प्रमाण लोकसंख्येत अगदी नगण्य आहे, हे त्या निकालातले मुद्दे. निकाल देणारे न्या. सिंघवी त्याच दिवशी निवृत्त झाले. चार वर्षं गुन्हेगार नसलेली माणसं दुपारच्या बातम्यांत पुन्हा गुन्हेगार झाली. फेरविचारासाठी न्यायालयाचं दार ठोठावणाऱ्यांत श्याम बेनेगल होते.

* * *

आता एक माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

नव्वदच्या दशकात मी एका कॉलेजच्या वसतिगृहात होतो. माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगा राहायचा. गाणं चांगलं म्हणायचा, गणितात हुशार. एका रात्री त्याची डायरी कोणीतरी पळवली आणि व्हरांड्यात मोठ्याने वाचली. तिच्यात एका मुलाविषयी लिहिलेलं होतं. लोक लोळून हसले. मी वाचणाऱ्यांत नव्हतो, हसणाऱ्यांतही नव्हतो. मी दार लोटून आत बसलो.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तो ताट घेऊन आला आणि नेहमीच्या टेबलावर बसला. एकेक करून सगळे उठले. मी ताट घेऊन येत होतो. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या टेबलाकडे वळलो. वरणभाताचं ताट होतं, पापड होता, सगळं मला लख्ख आठवतं. उरलेले पाच महिने तो एकटा जेवला.

बावीस वर्षांनी आम्ही पुण्यात भेटलो. त्याने मला ओळखलं, घरी नेलं, जोडीदाराशी ओळख करून दिली. मी माफी मागितली. तो म्हणाला, “अरे, तू भांडायला हवं होतंस असं मला कधीच वाटलं नाही. नुसता येऊन जेवला असतास.”

चेतन दातार यांचं ‘एक माधवबाग’ हे नाटक आहे. मुलाची डायरी आईच्या हाती लागते आणि ती वाचते. मोना आंबेगावकर यांनी ते एकटीने रंगमंचावर उभं केलं. डायरी तीच असते. तो व्हरांडा काय आणि ती आई काय, दोघांनीही ती न विचारताच वाचलेली असते. पण ती आई वाचून झाल्यावर उठून दुसऱ्या टेबलावर जात नाही.

* * *

२०१६मध्ये जे घडलं ते या लढ्यातलं सगळ्यात मोठं वळण आहे, असं माझं मत. एप्रिलमध्ये नर्तक नवतेज जोहर, पत्रकार सुनील मेहरा, शेफ रितू दालमिया, हॉटेल व्यावसायिक अमन नाथ आणि आयेशा कपूर या पाच जणांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. स्वतःच्या नावाने. आम्ही समलिंगी आहोत आणि या कलमाने आमचं आयुष्य कापलं आहे, असं प्रतिज्ञेवर सांगून. पुढे २०१८मध्ये आयआयटीतल्या आजीमाजी वीस विद्यार्थ्यांनी याचिका केली. त्यांतले काही तर घरी लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या वयातले. २००१मध्ये जी सही कोणी करू शकत नव्हतं, ती आता पंचविशीतल्या मुलांनीही केली.

मधल्या पंधरा वर्षांत असं काय बदललं? आईवडील न्यायालयात येऊन गेले होते. ऑफिसांत, कॉलेजांत, मित्रांच्या कट्ट्यांवर कोणीतरी ऐकून घेणारं भेटू लागलं होतं. २००८पासून मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानातून दरवर्षी निघणाऱ्या अभिमान मोर्चात समलिंगींच्या बरोबरीने त्यांचे भाऊबहीण, सहकारी, शेजारी चालू लागले होते. २०१५मध्ये मुंबईच्या पद्मा अय्यर यांनी मुलासाठी, हरीश अय्यरसाठी, वर्तमानपत्रात वधूऐवजी वराची जाहिरात दिली. काही वर्तमानपत्रांनी ती नाकारली, एकाने छापली. मुलाचं लग्न जमवायची हौस कुठल्याही आईला असते तशीच ती होती. पुढे उभं राहायला धैर्य त्या मुलांचंच लागलं, यात शंका नाही. पण मागे वळून पाहिलं तर कोणीतरी असेल, हा भरवसा लोकांनी दिला होता.

६ सप्टेंबर २०१८ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने कलम ३७७मधली ती तरतूद मोडीत काढली. दीपक मिश्रा, रोहिंटन नरिमन, अजय खानविलकर, धनंजय चंद्रचूड, इंदू मल्होत्रा. यांपैकी नरिमन हे पालकांसाठी लढलेल्या फली नरिमन यांचे चिरंजीव. इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं, की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची क्षमा मागायला हवी. कुटुंबांचीही, हे त्या विसरल्या नाहीत.

अजून एका न्यायाधीशाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. २०२१मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्या. आनंद वेंकटेश यांच्यापुढे दोन मुलींची याचिका आली. घरच्यांच्या विरोधामुळे त्या मदुराईहून चेन्नईला पळून आल्या होत्या, आणि पोलीस मागावर होते. न्यायमूर्तींनी मान्य केलं, की हा विषय आपल्याला कळत नाही आणि आपल्या मनात पूर्वग्रह आहेत. मग त्यांनी काय केलं? स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांना भेटले, त्यांचं ऐकलं. आपण शिकल्याचं निकालपत्रात लिहिलं, आणि मग ७ जून २०२१च्या आदेशात समलिंगींना ‘बरं करण्याच्या’ नावाखाली चालणाऱ्या उपचारांवर बंदी घालायला सांगितलं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा उपचारांना गैरवर्तन ठरवलं. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश भर निकालात मला कळत नव्हतं असं लिहितो, हे मी यापूर्वी वाचलेलं नव्हतं. सोबत करू पाहणाऱ्याची पहिली पायरी तीच, आणि आपल्याकडे सगळ्यात अवघडही तीच वाटते लोकांना.

* * *

विवाहाच्या हक्काची सुनावणी २०२३च्या एप्रिलमध्ये सुरू झाली तेव्हा ‘स्वीकार’च्या चारशेहून जास्त पालकांनी सरन्यायाधीश चंद्रचूड यांना पत्र लिहिलं. आम्ही म्हातारे होत चाललो आहोत, डोळे मिटायच्या आधी मुलांची लग्नं कायद्याने मान्य झालेली पाहायची आहेत, असा त्याचा आशय. सही करणारे पालक २०११च्या सुमारास एकोणीस होते, आता चारशेच्या वर.

१७ ऑक्टोबर २०२३चा निकाल विरोधात गेला. विवाह हा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. जोडप्यांच्या नात्याला दुसरी काही कायदेशीर मान्यता द्यावी, हे चंद्रचूड आणि कौल यांचं मत तीन विरुद्ध दोन असं अल्पमतात राहिलं. जानेवारी २०२५मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. पदरात काय पडलं? केंद्राने समिती नेमली. २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काही पत्रकं निघाली. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एका कुटुंबातलं समजावं, संयुक्त बँकखातं उघडायला आडकाठी नाही, आणि जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा.

ते शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर. म्हणजे अठरा वर्षं एका ताटात जेवलेला माणूस जवळचा नातलग नाहीच.

गेल्या पावसाळ्यात माझ्या त्या वसतिगृहातल्या मित्राला रात्री पोटात असह्य दुखू लागलं. जोडीदाराने एका रुग्णालयात दाखल केलं. शस्त्रक्रिया करायची होती. काउंटरवर संमतिपत्र पुढे आलं, ‘रुग्णाशी नातं’ हा रकाना आला. तो म्हणाला, “आम्ही एकत्र राहतो.” समोरचा म्हणाला, “नातेवाईक कोण आहे? त्यांना बोलवा.” मग नाशिकला बहिणीला फोन. ती पहाटे तीनच्या आत गाडी करून निघाली, पोचायला साडेपाच तास. घाट, पाऊस, चाकणची कोंडी. तोवर मित्र वेदनाशामकावर पडून, आणि ज्याला त्याच्या प्रत्येक गोळीचं नाव पाठ आहे तो बाहेरच्या बाकावर.

बहीण आली. शाळेत शिक्षिका आहे ती, पन्नाशीची. मी तिथेच होतो. तिने फॉर्म हातात घेतला आणि सही न करता बाकापाशी गेली. जोडीदाराला म्हणाली, “दादा, डॉक्टर काय म्हणाले ते मला नीट सांगा. आणि तुम्ही हो म्हणालात तरच मी सही करते.” त्याने सांगितलं. तिने सही केली. मग पेन त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, “माझ्या खाली तुम्हीही करा.” काउंटरवरच्या माणसाने त्या दुसऱ्या सहीची गरज नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “आम्हाला आहे.”

मित्र बरा आहे. संसदेत कायदा होईल तेव्हा होईल, त्यासाठी लढणारे लढत आहेत आणि त्यांना आपल्या सह्या लागणार आहेत. पण वाचकहो, तुमच्या घरात, नात्यात, इमारतीत असं जोडपं असेल तर कायद्याची वाट न पाहता एक गोष्ट आजच करता येते. दोघांना बसवून विचारा, की अडीअडचणीला आमचा फोन नंबर लिहून ठेवलाय ना? आणि उद्या तो फॉर्म तुमच्यापुढे आलाच, तर सही करण्याआधी बाकावर बसलेल्या माणसाला विचारा.